मे महिन्यात जुन्या मित्रांकडे: दापोलीचा किनारा की मालवणचा?

मे लागला की मुंबई-पुण्यातले चाकरमानी गावी पोहोचतात. वर्षभर फोनवर "एकदा निवांत भेटू या" म्हणणारा वर्गमित्र याच महिन्यात घरच्या पडवीत आंब्याच्या पेट्या भरताना सापडतो. जुने दोस्त आणि समुद्र एकाच फेरीत साधायचे असतील तर ऊन कितीही असो, हाच काळ खरा. कुठे जमायचं यावर मात्र हमखास घोळ होतो. कुणी दापोली-हर्णै म्हणतं, कुणी मालवण-तारकर्ली.

माझं मत आधीच सांगतो. दोन रात्रींची सवड असेल तर दापोली, चार रात्री निघत असतील तर मालवण. तीन रात्री हाताशी असतील तेव्हा गटातले लोक कुठून येणार यावर निर्णय घ्यावा. फिरणं हा मुख्य हेतू असता तर मी वेगळा हिशेब मांडला असता. पण वीस-पंचवीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसांना बोलायला वेळ लागतो. पहिली संध्याकाळ विचारपूस करण्यातच जाते. खरं बोलणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आणि त्या दिवशी कुणाला परतीची गाडी गाठायची असेल तर ते तिथेच तुटतं.

प्रवासात किती दिवस जातात

मुंबईहून दापोली सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पुण्याहून ताम्हिणीमार्गे त्याहून थोडी कमी. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा सुटसुटीत झाला आहे. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचता. मुंबई ते मालवण जवळपास पाचशे किलोमीटर. गाडी चालवणारा मित्र त्या दिवशी गप्पांना उरतच नाही, म्हणून मालवणला जाणाऱ्यांनी रेल्वेच धरावी. रात्री मुंबईहून सुटणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं, नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी व्हायचं. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात जायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा होकार हातात हवा. आठ जणांचा होकार मार्चमध्ये मिळवणं हेच मालवणच्या बेतातलं सगळ्यात अवघड काम आहे.

गटात कोल्हापूर-सांगलीकडचे लोक असतील तर चित्र उलटं होतं. गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरला की त्यांना मालवण चार-पाच तासांवर आहे, दापोली मात्र आडवाटेला पडते. निम्मे मुंबईचे आणि निम्मे कोल्हापूरचे असतील तर मी मालवणच म्हणेन.

मित्राचं घर, मे महिन्यातलं

हा मुद्दा किनाऱ्यापेक्षा मोठा आहे. मे महिन्यात कोकणातलं घर सुट्टीवर नसतं. आंबे उतरवायचे असतात, रातांबे फोडून आमसुलं वाळत घालायची असतात, फणसाची साठं आणि पापड अंगणात पसरलेले असतात. लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं चाळायची, पावसाळ्याची बेगमी करायची. ही सगळी आगोटीची कामं याच चार आठवड्यांत उरकतात. त्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं. आठ पाहुणे दोन दिवस राहिले तर पाण्याचा ताण घरातल्या बाईवर येतो. ती चेहऱ्यावर दाखवणार नाही, म्हणून तो आपणच ओळखायला हवा.

त्यामुळे दोन्हीकडे माझा आग्रह एकच: मुक्काम जवळच्या घरगुती निवासात करा आणि मित्राच्या घरी एकच वेळ जेवा. या बाबतीत दापोलीची बाजू उजवी आहे. मुरूड, कर्दे, आंजर्ले, केळशी ही गावं एकाच किनारपट्टीवर आहेत. वाडीतल्याच एखाद्या घरी खोल्या मिळतात आणि मित्राच्या घरी चालत जाता येतं. देवबाग-तारकर्लीलाही निवासांची कमतरता नाही. पण तुमच्या मित्राचं घर बहुतेक वेळा किनाऱ्यावर नसून आत कट्टा, पेंडूर, नेरूर अशा गावात असतं. रोजची ये-जा आलीच.

दापोलीकडे गेलात तर मित्राला त्याच्या बागेबद्दल जरूर विचारा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा नव्याने लावलेल्या बागा आत्ता कुठे उभ्या राहत आहेत. मित्राबरोबर बागेतल्या पाटाच्या कडेने फिरताना त्याच्या मधल्या वर्षांची जी कल्पना येते, ती फोनवरून कधीच आली नसती.

समुद्र, भरती आणि ओहोटी

कर्दे आणि मुरूडची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, रुंद, सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की सात-आठ जण एका रांगेत गप्पा मारत चालू शकतात. जुन्या मित्रांसाठी मला हेच फार मोलाचं वाटतं. वेळ मात्र साधावी लागते. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी पाणी वरपर्यंत आलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी सव्वाअकरा-बाराला आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणून पौर्णिमेच्या आसपासच्या तारखा निवडा. उन्हं उतरताना पुळण मोकळी मिळते आणि पाठोपाठ चांदणंही. फक्त उधाणाच्या या दिवसांत पाण्याची ओढ जोरदार असते. कमरेपलीकडे कुणी जायचं नाही हे आधीच ठरवा, आणि गावकऱ्यांनी "आज नको" म्हटलं तर वाद घालू नका.

मालवणचा समुद्र पाहण्याची तऱ्हा वेगळी. तिथे आपण पाण्यावर जातो. देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. खाडीतून होडीने संगमापर्यंत जायचं, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखालची प्रवाळं पाहायला लोक येतात ती इथलीच. पाणी सगळ्यात नितळ असतं ते हिवाळ्यात. मेमध्ये वारा पडलेला असेल त्या सकाळीच उतरावं. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधून घेतला. होडीत चढ-उतार करावी लागते, पण आतली वाट फार कष्टाची नाही. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर मात्र पाण्यातून उतरावं लागतं आणि आत झाडोरा माजलेला असतो. गुडघे कुरकुरत असतील तर तो किनाऱ्यावरूनच पाहावा.

कासवांची पिल्लं पाहायला दापोलीकडे यायचं मनात असेल तर मे उशिराचा आहे. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं प्रामुख्याने मार्च-एप्रिलमध्ये समुद्रात जातात.

सावली

मालवणच्या बाजूने मी सगळ्यात जोरात बोलेन ते धामापूरच्या तलावासाठी. कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला जाताना हा वाटेवरच आहे. तलाव 1530 सालचा, काठाला भगवतीचं मंदिर, भोवती गर्द झाडी. 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत त्याचं नाव आलं. मेच्या भर दुपारी किनाऱ्यावर पाय ठेववत नाही तेव्हा इथल्या पायऱ्यांवर दोन तास सहज जातात. पाण्यापलीकडच्या रानात धनेश पक्ष्याचा कर्कश आवाज घुमतो. सकाळी रेल्वेतून उतरून थेट इथे यावं, बरोबर नाश्ता असावा, आणि मग मालवण गाठावं.

दापोलीला असा तलाव नाही. त्याची भरपाई म्हणजे दापोली गावाची उंची. किनाऱ्यापेक्षा तिथे संध्याकाळी हवा हलकी असते. कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून इथेच आहे. मित्रांपैकी कुणाला झाडांची आवड असेल तर विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून हापूसची कलमं घेता येतात. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला वरपर्यंत गाडी जाते आणि तिथून सुवर्णदुर्ग, खाडी, माडांचा हिरवा पट्टा एका नजरेत येतो.

ताटात काय

मासे हे मुख्य कारण असेल तर मालवण, यावर मी फार बोलत नाही. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होणारा लिलाव पाहण्यासारखा आहे आणि तिथून मासे घेऊन निवासात करून घेता येतात. पण गटात शाकाहारी लोक बरेच असतील तर केळशी-आंजर्ले-मुरूडच्या घरगुती खानावळी जास्त जवळच्या वाटतील: उकडीचे मोदक, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आंबोळ्या, सांदणं. आमरस दोन्हीकडे.

तारखा

दोन्ही ठिकाणांसाठी मेचा पहिला पंधरवडा. आंबा भरात असतो, भावही एप्रिलपेक्षा उतरलेला, करवंदं पिकू लागलेली. दुसऱ्या पंधरवड्यात वारा फिरतो, समुद्र खवळू लागतो आणि महिन्याच्या शेवटी मालवणच्या किल्ल्याची होडीवाहतूक व जलक्रीडा पावसाळ्यापुरत्या बंद होतात. 1 जूनपासून मासेमारी बंदी लागते. 2025 मध्ये तर मान्सून 25 मे रोजीच तळकोकणात पोहोचला होता. मालवणचा बेत होड्यांवर आणि शांत समुद्रावर उभा असल्याने उशिराची तारीख त्याला मारक ठरते. दापोलीचं तसं नाही. पाऊस आला तरी पडवीत बसून बोलता येतं, त्यामुळे वीस मेनंतरच सगळ्यांना जमत असेल तर चार रात्री असूनही मी दापोलीच सुचवेन.

जाताना मित्राच्या घरी मिठाईचे डबे नेऊ नका, त्या दिवसांत घरात गोड उतू जात असतं. चांगली चहापूड, औषधांच्या दुकानातून त्याच्या आई-वडिलांना लागणाऱ्या वस्तू, गावात न मिळणारं एखादं पुस्तक न्या. काय हवं ते निघण्याआधी फोन करून त्याच्या बायकोलाच विचारा. आणि पेट्या भरायचं काम चालू असेल तर तासभर तिथेच बैठक मारा, गवत पसरून आंबे लावायला सगळ्यांना जमतं.