'25 पक्ष्यांचे' तयार लोखंडी खुराडे : ब्रूडरमधून (बल्बच्या उबेच्या जागेतून) निघालेल्या पिल्लांसाठी कितपत उपयोगी?

सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच असलेले हे खुराडे '25 पक्ष्यांसाठी' म्हणून विकले जाते. माझ्याकडे पिल्लेही 25 होती, त्यामुळे हिशेब आपोआप जुळला असे समजून मी ते मागवले. वाहतुकीसह 11,500 रुपये पडले. दोन महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे आहे की, वस्तू मजबूत आहे आणि पैसे वाया गेलेले नाहीत. परंतु बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण वाढलेली कोंबडी होती, नुकतेच बल्बखालून निघालेले पाचव्या आठवड्यातले पिल्लू नव्हते. ज्यांना पिल्ले घरातून थेट अशा खुराड्यात हलवायची आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

माझी पिल्ले वनराज जातीची, म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी विकसित केलेल्या जातीची आहेत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाची असताना ती आणली आणि मागच्या खोलीत पत्र्याचे गोल चिक-गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचे कुंपण, करून, भाताच्या तुसावर, 60 वॅटच्या बल्बखाली वाढवली. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश तापमान ठेवायचे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यायचे, ही रीत मी पाळली. या हिशेबाने पाचव्या आठवड्यात पिल्लांना 23 अंशांची सवय झालेली असते. आमच्या जुन्नर तालुक्यात डिसेंबरअखेरच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो. खुराड्याला भरून काढायचे अंतर हे एवढे आहे, आणि ते पिल्लाची पिसे भरली की आपोआप मिटते असे नाही. पाठीवर आणि पंखांवर पिसे दिसू लागली तरी मान आणि छाती मागाहून भरतात. त्यामुळे पिल्लू हातात घेऊन छातीखाली बोट फिरवल्याशिवाय ते बाहेर काढण्यायोग्य झाले की नाही, हे ठरवू नये.

राणीखेत (मानमोडी) रोगावरच्या लासोटा लसीची दुसरी मात्रा 28व्या दिवशी दिली. लसीचा ताण आणि जागाबदलाचा ताण एकत्र येऊ नये म्हणून चार दिवस थांबून 32व्या दिवशी पिल्ले हलवली. त्याआधीचा आठवडाभर दिवसा बल्ब बंद ठेवून आणि दुपारी दोन-अडीच तास त्यांना अंगणात सोडून सवय लावली होती. एवढी तयारी पुरेशी आहे असे मला वाटले होते.

खुराडे सुट्या भागांत येते आणि नट-बोल्ट आवळून दोन माणसांना दोन तासांत उभे करता येते. सांगाडा चौकोनी पाइपचा असून वेल्डिंग स्वच्छ आहे, रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात मात्र पाण्याच्या भांड्याला (इंग्रजीत 'ड्रिंकर') 'मद्यपी' म्हटले आहे, त्यावरून ते कसे तयार झाले असावे याचा अंदाज येतो. दाराला फिरकीची साधी कडी आहे, जी कुत्र्याच्या दोन धडकांत उघडेल. तिच्या जागी पहिल्याच दिवशी कडी-कोयंडा बसवून घेतला. बिबट्याचा विचार आमच्या भागात कोणत्याही खुराड्याच्या खरेदीत करायचा नसतो, तो वेगळा विषय आहे.

खरी अडचण जाळीची आहे. चारही बाजूंना एक इंची चौकोनी वेल्डमेश आहे. मोठ्या कोंबडीला ती उत्तम आहे आणि मुंगूसही तिच्यातून आत शिरत नाही. पण उंदीर आणि साप यांना एक इंच पुरेसा होतो. त्यातच पाच आठवड्यांचे पिल्लू बाहेरचा किडा टिपण्यासाठी मान सहज बाहेर काढते, आणि मांजराला तेवढेच हवे असते. मी खालच्या दोन फुटांना चौफेर अर्ध्या इंचाची जाळी बाइंडिंग तारेने बांधली, तिला 1,400 रुपये लागले. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी स्वस्त पडते, परंतु ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या मोहात पडू नये.

तळही जाळीचाच असून त्याखाली विष्ठेचा ट्रे सरकवण्याची सोय आहे. विष्ठा खाली पडत असल्यामुळे रक्ती हगवणीचा धोका बराच कमी होतो, आणि ओल्या लिटरवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसावर, हा आजार याच वयात पिल्लांना गाठतो, म्हणून या रचनेला मी नावे ठेवणार नाही. मात्र थंडीत वारा खालून थेट पोटाला लागतो. मी निम्म्या तळावर दोन गोणपाटे अंथरून त्यावर तीन बोटे तूस पसरले आणि उरलेला निम्मा भाग उघडा ठेवून तिथे पाण्याची भांडी ठेवली, म्हणजे सांडलेले पाणी सरळ खाली जाते. तुसात ब्रूडरमधले दोन घमेली कोरडे जुने तूस मिसळले होते, आणि पिल्ले त्यावर आल्याबरोबर खरडू लागली.

छताचा पत्रा ही दुसरी उणीव. पहाटे त्याला आतून घाम फुटतो आणि थेंब नेमके झोपलेल्या पिल्लांच्या पाठीवर पडतात. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकून वरून दोरी आवळल्यावर हे थांबले.

पहिल्या रात्री जे झाले, त्यात दोष खुराड्याचा कमी आणि माझा जास्त आहे. खुराड्यात बल्ब टांगण्यासाठी आकडा किंवा वायर आत घेण्यासाठी छिद्र नाही, आणि पिल्ले मोठी झाली आहेत असे समजून मीही वायर ओढण्याचा कंटाळा केला. ज्या पिल्लांनी जन्मापासून पूर्ण अंधार पाहिला नव्हता, ती एकदम काळोखात गेली. साडेनऊच्या सुमारास त्यांचा चिरका, न थांबणारा आवाज येत होता. नवी जागा आहे, थोड्या वेळाने गप्प बसतील, म्हणून मी उठलो नाही. सकाळी उत्तरेकडच्या कोपऱ्यात सगळ्यांचा ढीग होता आणि ढिगाच्या तळाशी दोन पिल्ले चपटी होऊन मेलेली होती. थंडीने आणि भीतीने पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, म्हणूनच चिक-गार्ड गोल असते, हे मला माहीत होते आणि तरीही मी त्यांना चार काटकोनी कोपरे दिले. त्याच दिवशी कोपऱ्यांत जाड पुठ्ठे वाकवून बसवले, बल्ब आत घेतला, उत्तर बाजू गोणपाटाने झाकली आणि वर वीतभर फट हवेसाठी सोडली. सहा रात्री 60 वॅट, नंतर आठवडाभर 15 वॅट आणि मग अंधार, असा क्रम ठेवल्यावर पुढे एकही पिल्लू दगावले नाही. बसण्याच्या दांड्या दोन फुटांवर वेल्ड केलेल्या असल्याने पिल्लांना तिथवर जाता येत नव्हते. मी सहा इंचांवर एक बांबू आडवा बांधला आणि आठवड्याभरात निम्मी पिल्ले त्यावर झोपू लागली.

आता त्या '25 पक्ष्यांच्या' दाव्याविषयी. तळ 24 चौरस फुटांचा आहे. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला साधारण एक चौरस फूट जागा पुरते, त्यामुळे तोवर दावा जेमतेम खरा ठरतो. मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट लागतात, म्हणजे खुराडे बाराचे आहे. जाहिरातीत पक्ष्याचे वय लिहिलेले नाही. नवव्या आठवड्यात आमच्याकडे शेपट्या टोचण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा ओळखू येणारे 12 नर जुन्या गोठ्यात हलवावे लागले. राहिलेल्या 11 माद्या आता त्यात व्यवस्थित राहतात.

विक्रेत्याची वागणूक चांगली होती. एक बिजागरी वाकडी आली होती, ती फोन केल्यावर चार दिवसांत बदलून मिळाली. बल्बचा आकडा आणि अर्ध्या इंचाची जाळी यांविषयी विचारल्यावर, मागणी करताना सांगितले तर जाळी बदलून देतो आणि 900 रुपये जादा पडतील, असे उत्तर मिळाले. मी ती नंतर स्वतः बांधली, तेव्हा खर्चही जास्त झाला आणि बोटेही सोलली. म्हणून मागवतानाच ती सांगावी, आणि पहिल्या रात्रीसाठी वायर आधी ओढून ठेवावी.