मोर्शी रोडवरचा ब्रेकवाला मिस्त्री, जुन्या टाटा ४०७ (छोटा ट्रक) वाल्यांनी एकदा जावंच

वरूडहून मोर्शीकडे निघालं की पंक्चरवाल्याच्या मागं टिनाचं शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही, मिस्त्री फक्त ब्रेकचं काम करतो, इंजिनाला हात लावत नाही.

माझ्या ४०७ चा प्रॉब्लेम असा की लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल एकदम कडक, संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला जाताना तर पायात गोळे यायचे. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, जोरावर पायाला मदत करणारा डबा) गेला, नवीन टाका. या मिस्त्रीनं आधी पाना उचललाच नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहादा दाबायला लावलं, मग दाबूनच धरा अन् स्टार्टर मारा म्हणे. इंजिन सुरू झालं अन् पेडल पायाखाली थोडं खाली गेलं. "बूस्टर काम करून राह्यला ना भाऊ, याले कायले बदलता?"

मग गाडी बंद करून चहा घेतला, नंतर पेडल दाबलं तर पहिलाच दाब कडक. म्हणजे साठवलेला व्हॅक्यूम कुठंतरी पळतोय. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा जायच्या नळीतून) व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या मागं वेगळा पंप असतो, त्याला इंजिनचंच ऑइल जातं. त्यानं पंपाला गेज लावला, काटा सहाशे मिमीच्या (पाऱ्याच्या) वर गेला, पंप ओके. शेवटी चोर निघाला पंपापासून बूस्टरकडं जाणारा पाइप. आधी कोणीतरी साधा पाण्याचा पाइप बसवलेला, पंपाच्या ऑइलनं तो आतून फुगून मऊ झाला होता अन् व्हॅक्यूम आला की चपटा व्हायचा. वन वे व्हॉल्वचं (साठलेला व्हॅक्यूम धरून ठेवणारा) रबरही वाळलेलं. दोन्ही बदलले, नव्या बूस्टरच्या मानानं खर्च काहीच नाही.

मला आवडलं ते यापुढचं. मास्टर सिलिंडरचे (बूस्टरच्या पुढं बसवलेला, ब्रेक ऑइल ढकलणारा) दोन नट सोडून तो थोडा पुढं ओढला अन् मागं बोट फिरवून दाखवलं, कोरडं. तिथून गळत असेल तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये जातं, बाहेर थेंब दिसत नाही अन् आपण डबीत ओततच राहतो. सिलिंडरची रबरं डिझेलनं धुवायची नाही म्हणजे नाही, फुगतात. ब्रेक ऑइल पण सीलबंद डब्यातलंच टाकतो, उघडा डबा पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतो. त्याचा साधा हिशोब, पेडल कडक तर व्हॅक्यूम बघा, स्पंजी झालं तर लाइनमध्ये हवा.

अन् चिखलदऱ्याच्या उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे आपल्याकडं लय आहेत, त्यांनी ऐका, पंप फिरला नाही तर साठवलेल्या व्हॅक्यूमवर मोजकेच दाब मिळतात, त्यानंतर सगळा जोर पायाचा.

एक स्टार कापतोय कारण फोन उचलत नाही, बिल देत नाही अन् संत्र्याच्या सीझनमध्ये नंबर लागायला अर्धा दिवस जातो. सकाळी लवकर गेलेलं बरं, अन् डबा सोबत न्या, जवळपास जेवायला काही नाही.