क्रायसिस कोअर: पीएसपीवरचा जुना की स्विचवरचा नवा?

‘फायनल फँटसी ७’च्या आधीची कथा सांगणारा ‘क्रायसिस कोअर’ हा गेम पीएसपी या सोनीच्या खिशातल्या यंत्रासाठी १३ सप्टेंबर २००७ला जपानमध्ये आला आणि इंग्रजीत अमेरिकेत यायला मार्च २००८ उजाडला. मधले सहा महिने मी ट्रेलरवर काढले. तेव्हाच्या इंटरनेटवर दोन मिनिटांचा व्हिडिओ भरेपर्यंत चहा उकळून व्हायचा. पण जे दिसायचं ते पाहून वाटायचं, हे खिशातल्या यंत्रावर चालणं शक्यच नाही, यात काहीतरी गोम आहे. गोम नव्हती. ४८० बाय २७२चा तो इवलासा पडदा, आत घुर्रघुर्र फिरणारी युएमडी, म्हणजे गेमची छोटी चकती, आणि मिडगार शहरातल्या आगगाडीच्या टपावर नायक झॅकची पहिली मारामारी. पहिल्या दिवशी मी ती सुरुवात तीनदा पाहिली.

डिसेंबर २०२२मध्ये याच गेमचा नवा अवतार, ‘रीयुनियन’, आला. अनरिअल इंजिनवर नव्याने घडवलेली पात्रं, संपूर्ण संवाद आवाजात, वर कॅमेरा फिरवायला यंत्रावरची दुसरी काठी. मी तो निन्टेन्डोच्या स्विचवर, म्हणजे हातात धरून खेळता येणाऱ्या यंत्रावर घेतला, कारण हा गेम टीव्हीसमोर बसून खेळायचा नाही असं माझं जुनं मत आहे. टीव्हीला जोडायच्या पीएस५वर तो दुप्पट फ्रेम्सने, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांनी धावतो. स्विचवर तीस. गाडीत उभ्याने खेळताना मला तरी फरक जाणवला नाही. तुमचे डोळे माझ्यापेक्षा तरुण असतील तर गोष्ट वेगळी.

दिसण्यात नवा सरस, हे सांगायला नको. तरी एक गंमत आहे. चेहरे नवे असले तरी बोलतानाचे हातवारे २००७चेच आहेत, आणि मधले चित्रफितीचे प्रसंग जुनेच मोठे करून लावलेत. मोठ्या पडद्यावर हा सांधा उघडा पडतो. पीएसपीवर सगळं एकाच मापाचं होतं, त्यामुळे डोळ्याला खुपत नव्हतं. झॅकचा जुना इंग्रजी आवाजही मला अधिक जवळचा, पण ती सवयीची माया असावी.

आता नवा निवडण्याचं खरं कारण. डिजिटल माइंड वेव्ह, म्हणजे कोपऱ्यात सतत फिरणारी स्लॉट मशीनची चाकं. जुन्यात दोन बाजूंची चित्रं जुळली की लढाई थांबते, चाकं सगळा पडदा व्यापतात, आणि तिसरं चित्र काय येतं ते बघत बसायचं. कल्पना सुंदर आहे. झॅकच्या मनात कोण घोळतंय ते त्यातून कळतं, आणि शेवटी याच चाकांचा जो उपयोग केलाय तो मी इथे फोडणार नाही. पण शत्रूचा एक घाव शिल्लक आहे, बटण दाबलंय, आणि नेमकी तेव्हाच चाकं! बहुतेक वेळा काहीच जुळत नाही. परत आलो की कुठे उभे होतो तेच आठवत नाही. मुख्य कथेबाहेरच्या तीनशे मोहिमांत हे किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण चाळिसाव्या मोहिमेच्या आसपास मी यंत्र उशीवर आपटलं होतं एवढं आठवतं.

नव्यात चाकं कोपऱ्यातच फिरतात. चित्रं जुळून लिमिट ब्रेक, म्हणजे झॅकचा खास डाव, मिळाला की तो हाताशी राहतो, हवा तेव्हा वापरायचा. बदल एवढाच, पण त्यामुळे लढाईला सलगपणा आला. मटेरियाही, म्हणजे जादू आणि खास चाली देणारे गोळे, आता बटणांवर लावता येतो, जुन्यासारखं एकेक पर्याय सरकवत शोधावं लागत नाही. पातळी वाढणं मात्र अजूनही चाकांच्याच मर्जीवर आहे. तिथे नशिबावर हवाला ठेवायचा.

जुना घ्यायचाच असेल तर एक ध्यानात ठेवा: तो डिजिटल स्वरूपात कधी विकला गेलाच नाही. चकती हवी, म्हणजे वापरलेली. शिवाय धड बॅटरी असलेला पीएसपी हवा. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि सप्टेंबर २००७ची ती हुरहुर ज्यांनी भोगलीय त्यांना मी नको म्हणणार नाही. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला मात्र मी नवाच हातात देईन.

आणि घेतलात तर मोहिमा बेताने करा. सेव्ह पॉइंटवर त्या सदैव खुणावतात, चार-पाच मिनिटांत एक उरकते, म्हणून दोन स्टेशनांमध्ये अगदी बसते. पण सुरुवातीलाच ढीगभर केल्या तर झॅक इतका तगडा होतो की कथेतले मोठमोठे शत्रू दोन फटक्यांत आडवे होतात. माझ्या दुसऱ्या फेरीत नेमकं तेच झालं.