बबल टिप कापायचं की दुभंगायची वाट पाहायची?

घरच्या खाऱ्या टाकीत एका समुद्रफुलाची (सी ॲनिमोनी, म्हणजे फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा मऊ प्राणी) दोन करायला वाटा दोनच: ब्लेडने कापा, नाहीतर ते आपणहून दुभंगेपर्यंत थांबा. हे सगळं बबल टिप ॲनिमोनी या जातीपुरतं. कार्पेट ॲनिमोनीच्या जातींना ब्लेड लावायच्या फंदात पडू नका.

काहीही निवडलं तरी टाकी किमान सहा महिने जुनी हवी. क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), तापमान 25 ते 26 अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. बोअरचं जड पाणी घरच्या पिण्याच्या आरओतून काढलं तरी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर येत नाही. ते डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून) काढा, मगच त्यात मरीन सॉल्ट, म्हणजे खाऱ्या टाकीसाठीचं तयार मीठ, मिसळा, लिटरला साधारण 35 ग्रॅम. खडा मीठ चालत नाही.

वाट पाहण्यात जखम नाही, खर्च नाही. पण फूल दोन कारणांनी दुभंगतं. एक, भरपूर प्रकाश आणि खाणं मिळून ते मोठं झालं म्हणून. दुसरं, जिवावर बेतलं म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात बहुतेकदा दुसरं कारण असतं. 100 लिटरच्या टाकीतून 5 लिटर पाणी उडालं की क्षारता 35 वरून जवळजवळ 37 वर जाते, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यात दुपारी लाइन गेली, टाकी 30 अंशांवर चढली, की नवतपात (मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) फूल दुभंगतं आणि मालक पेढे वाटतो. तोंड उघडं पडलेलं, रंग उडालेला, पाय खडकाला नीट चिकटत नाही, असे दोन तुकडे म्हणजे नफा नव्हे. उडालेलं पाणी रोज साध्या आरओ-डीआय पाण्याने भरा, खाऱ्या पाण्याने नाही. मुद्दाम निम्मं पाणी बदलून, धक्का देऊन फूल दुभंगवणारेही आहेत. त्यापेक्षा ब्लेड बरं.

दुभंगल्यावर पिल्लं चालू लागतात आणि रात्रीतून पॉवरहेडमध्ये (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपात) ओढली जाऊन कुटली जातात. म्हणून पंपाच्या तोंडाला आधीच स्पंज किंवा जाळी बसवा.

कापण्याचा खरा फायदा एकच: तारीख आपल्या हातात राहते. ती दिवाळी ते महाशिवरात्र या काळातलीच धरा. हीटर मात्र लागेल, कारण इथल्या थंडीत रात्री खोली गार पडते. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर कोरड्या हवेत टाकी दोन-तीन अंश उतरते. पण जुलैत हवा दमट झाली की कुलरसारखाच तोही निकामी होतो, म्हणून पावसाळ्यातली उमसही जखमेला वाईट. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) असेल तर ही अट सैल.

फूल पूर्ण फुललेलं असताना निदान 12-15 सेंटिमीटर हवं. ते बसलेला दगडच उचलून बाहेर काढा. मोठ्या खडकाला चिकटलं असेल तर पायाच्या कडेला बर्फाचा खडा धरा, ते आकसून सुटतं. नखाने ओरबाडू नका. फाटलेला पाय हे फूल मरण्याचं नेहमीचं कारण. टाकीच्याच पाण्याने ओल्या केलेल्या प्लास्टिकच्या पाटीवर तोंड वर करून ठेवा, मधली फट, म्हणजे तोंड, शोधा आणि कोऱ्या ब्लेडने तोंडातून थेट पायापर्यंत एकाच दाबात कापा. करवतीसारखं मागेपुढे केलं की कडा चिंधीसारख्या होतात आणि मग भरत नाहीत. दोन्ही भागांत थोडं तोंड आणि थोडा पाय आलाच पाहिजे. आतून पांढरे धागे बाहेर येतील, ते आतड्यासारखे भाग आहेत, ओढू नका.

दोन्ही तुकडे वेगळ्या टाकीत, भोकं पाडलेल्या डब्यात, छोट्या दगडांवर, मंद प्रवाहात ठेवा. क्लाउनफिश दोन आठवडे लांबच. तो जखमेत अंग घुसळतो. चिकट स्राव सुटतो, म्हणून ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) लावा आणि दुसऱ्या दिवशी 20 टक्के पाणी बदला. तुकडे कडा आत वळवून गुंडाळी होतात, मग आठवडा-दोन आठवड्यांत गोल दिसू लागतात. तोंड पुरतं तयार होईपर्यंत खाऊ घालू नका. नंतर वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा, आठवड्यातून दोनदा.

टाकीत एकच फूल असेल तर कापू नका, थांबा. दोन असतील, शिवाय वेगळी 20-30 लिटरची टाकी आणि लाइन गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप असेल, तर हिवाळ्यात एक कापायला हरकत नाही. वेगळी टाकी हौस म्हणून नव्हे: तुकडा कुजला तर अमोनिया सगळ्या टाकीला मारतो. राखाडी पडून हातात चिंधड्या होत असतील आणि सडक्या मासळीचा वास येत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच मिनिटाला तुकडा बाहेर काढा.