स्वतंत्र भाग की सलग मालिका?

नवा पॉडकास्ट काढताना हा निर्णय पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधीच घ्या. स्वतंत्र भागांत श्रोता कुठूनही शिरतो. एखादा भाग फसला तरी पुढचा सावरून घेतो. सलग मालिकेत मात्र पहिलाच भाग ढिला पडला, तर पुढचे फारसे कोणी ऐकत नाही. म्हणून तिथे शेवटपर्यंतची संहिता आधी हाताशी हवी.

ॲपल पॉडकास्ट्समध्ये फीडला (ॲपला पुरवल्या जाणाऱ्या भागांच्या यादीला) 'एपिसोडिक' किंवा 'सीरियल' अशी खूण करता येते: एपिसोडिकमध्ये ताजा भाग आधी दिसतो, सीरियलमध्ये पहिल्या भागापासून सुरुवात होते. ही सेटिंग चुकली तर नवा श्रोता थेट कथेच्या शेवटावर जाऊन आदळतो!

मुलाखती, सल्ला यांना स्वतंत्र भागच शोभतात. एकाच घटनेचा माग काढायचा असेल, तर कितीही कष्ट पडोत, मालिकाच करा.