बाळाच्या फुफ्फुसाभोवती पाणी: थांबायचं, सुईने काढायचं की शंट?

वहिनीच्या चोविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी दिसलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी 'प्लुरल इफ्यूजन आहे, फीटल मेडिसिनवाल्यांना (पोटातल्या बाळाचे डॉक्टर) दाखवा' एवढंच बोलून फाईल हातात दिली, बोरिवली ते दादर आम्ही दोघी लोकलमध्ये मोबाईल बघून रडत होतो. तुमच्यावर ती वेळ आली असेल तर आधी एकच विचारा, बाळाला हायड्रॉप्स आहे का? म्हणजे छातीसोबत पोटात, हृदयाभोवती किंवा कातडीखालीही पाणी साचलंय का. सगळं त्यावर फिरतं.

हायड्रॉप्स नाही, पाणी थोडं, एकाच बाजूला, हृदय जागेवर, तर थांबून बघणंच बरं. काही बाळांचं पाणी आपोआप जिरतं. पण थांबणं म्हणजे घरी बसणं नाही हां, साधारण दर आठवड्याला सोनोग्राफी (आणि दरवेळी गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा तो एफ फॉर्म भरा), बाळाच्या हृदयाची इको (म्हणजे हृदयाची खास सोनोग्राफी), आईच्या रक्तात इन्फेक्शन आणि अँटीबॉडी बघणं, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम (गुणसूत्रांतले दोष) आहे का त्यासाठी गर्भजलाची तपासणी.

सुईने पाणी काढणं काही मिनिटांचं काम, सगळे त्यालाच भुलतात. वहिनीचं सत्ताविसाव्या आठवड्यात काढलं, तिसऱ्या दिवशी छाती परत भरलेली! असं बऱ्याचदा होतं, म्हणून मी तरी याला उपचार म्हणणार नाही. तपासायला मात्र उपयोगी, पाण्यात बहुतेक सगळ्या पेशी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निघाल्या तर लिम्फ, म्हणजे शरीरातला लसीका द्रव, छातीत गळतोय असा अंदाज येतो. आणि डिलिव्हरीच्या जरा आधी काढलं तर बाळाला जन्मल्यावर श्वास घ्यायला सोपं जातं.

शंट म्हणजे बारीक नळी, दोन्ही टोकं डुकराच्या शेपटीसारखी वळलेली, डॉक्टरांनी लेटरपॅडच्या मागे काढून दाखवली होती. एक टोक बाळाच्या छातीत, दुसरं गर्भजलात, पाणी सतत वाहून जातं. हायड्रॉप्स असेल, किंवा पाणी भराभर वाढून हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जात असेल आणि डिलिव्हरीला अजून बरेच आठवडे असतील, तर माझ्या मते यातच अर्थ आहे, थांबण्यात नाही. पण नळी सरकते, बुजते, कधी पाणमोट लवकर फुटते, आणि सगळं नीट होऊनही काही बाळं वाचत नाहीत, हे आधीच ऐकून घ्या. दिवस भरत आले असतील तर शंटऐवजी सुई आणि लवकर डिलिव्हरी असंही ठरवतात.

हा प्रकार दहा-पंधरा हजार गरोदरपणांत एखादाच, त्यामुळे 'तुम्ही वर्षाला किती शंट बसवता' हे विचारायला लाजू नका. डिलिव्हरी एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) त्याच इमारतीत असेल तिथेच, कारण जन्मल्याबरोबर नळीला क्लॅम्प लावावा लागतो, नाहीतर छातीत हवा शिरते. मग घरापासून परळच्या हॉस्पिटलला यायला दीड तास लागला तरी चालेल.

आणि आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर सुई किंवा शंटनंतर अँटी-डी इंजेक्शनचं (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी होऊ नयेत म्हणून देतात ते) विचारा, वहिनीच्या वेळी दादाने आठवण केली तेव्हा कुठे दिलं.