न्हावाशेवाहून थेट डिलिव्हरी : आठ महिने, सात कंटेनर आणि एका रिकाम्या कंटेनरचे बिल

गेल्या पंधरवड्यात शिपिंग लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, १६,८०० रुपयांचे डिटेन्शन (कंटेनर मुदतीत परत न केल्याचा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १९,८२४ रुपयांचे बिल आले. ते भरलेल्या कंटेनरचे नव्हते, आतला माल उतरवून झालेल्या रिकाम्या कंटेनरचे होते. या एका कारणासाठी मी हा अनुभव लिहीत आहे.

माझा रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना आहे. पूर्वी पॉलिप्रॉपिलीनचे दाणे आम्ही भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून घेत असू. गेल्या आठ महिन्यांत आखातातून थेट मागवून सात कंटेनर न्हावाशेवाला उतरवले, सगळे चाळीस फुटी, प्रत्येकात २५ किलोच्या ९९० गोण्या. त्यांपैकी सहा डीपीडीने (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी), म्हणजे सीएफएसची, बंदराबाहेरच्या कंटेनर साठवण्याच्या आवाराची, पायरी वगळून टर्मिनलमधून सरळ कारखान्याच्या दारात आले.

डीपीडीबद्दल माझे मत चांगले आहे आणि ते आजही बदललेले नाही. सीएफएसचे हाताळणीचे आणि जागेचे पैसे वाचतात, आणि दोन-तीन दिवसही वाचतात. अट एवढीच की जहाज येण्याआधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचे आयातीचे विवरण, दाखल झालेले असावे, शुल्क भरलेले असावे आणि कंटेनर ४८ तासांत उचलला जावा. नाहीतर तो नेमून दिलेल्या सीएफएसमध्ये हलवला जातो. आमचा तिसरा कंटेनर असाच गेला, कारण विक्रेत्याच्या इनव्हॉइसमध्ये चूक होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत मुदत संपली. तोवर मी सीएफएसला केवळ मधला खर्च मानत होतो. जुलैच्या त्या पावसात त्यांनी नऊ दिवस कंटेनर नीट सांभाळला आणि एकही गोणी भिजली नाही, हे मला मान्य केले पाहिजे. पैसे मात्र अधिक गेले.

पहिल्या तीन कंटेनरांच्या वेळी झालेल्या प्रत्येक उशिराचे खापर मी बंदरावर फोडत होतो. चौथ्या वेळी आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटने, टर्मिनलमधली पद्धत समजावून सांगितली आणि माझा राग पुष्कळ कमी झाला. धक्क्यावरची क्रेन जहाजातून कंटेनर काढते, टर्मिनलचा ट्रॅक्टर-ट्रेलर तो यार्डात नेतो आणि तिथे रबरी चाकांची क्रेन तो थरांवर थर रचून ठेवते. सीएफएसचा ट्रेलर आला तर त्या गटातला वरचा कोणताही कंटेनर त्याला देता येतो. माझ्यासारखा आयातदार मात्र एकच विशिष्ट क्रमांक मागतो, आणि तो तळाशी असला तर वरचे तीन-चार आधी हलवावे लागतात. एका ट्रेलरसाठी क्रेनला इतक्या वेळा उचल-ठेव करावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. शिवाय न्हावाशेवाला एक सलग धक्का नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी चालवलेली स्वतंत्र टर्मिनल आहेत, प्रत्येकाचे गेट आणि गर्दी वेगळी. आपले जहाज कुठे लागले यावर ट्रेलरची रांग ठरते.

मग मी प्रत्येक कंटेनरच्या वेळा वहीत लिहू लागलो. २०१६ साली याच बंदरापासून सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेत कंटेनर क्रमांक टाकला की आरएफआयडी टॅगवरून टिपलेल्या हालचाली दिसतात. पाचव्या आणि सहाव्या कंटेनरच्या वेळी आमचा ट्रेलर टर्मिनलच्या गेटमधून आत जाऊन तीन तासांच्या आत बाहेर पडला होता. करळ फाटा, गव्हाण फाटा, उरण फाटा असे करत सुमारे चाळीस किलोमीटर येण्यात आणि अवजड वाहनांच्या बंदीची वेळ टळेपर्यंत थांबण्यात त्याहून अधिक वेळ गेला होता. बंदराला दिलेला दोष मी इथे मागे घेतो.

आता सातव्या कंटेनरकडे येतो. सोमवारी तो जहाजातून उतरला आणि आमच्या सात मोकळ्या दिवसांची, म्हणजे लाइनचा कंटेनर विनाआकार वापरण्याच्या मुदतीची, मोजणी सुरू झाली. मंगळवारी रात्री उचलला, बुधवारी सकाळी कारखान्यात आला, आणि माथाडी कामगारांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो पूर्ण रिकामा केला. तीन दिवस हाताशी होते. शुक्रवारी ट्रेलर द्रोणागिरीच्या, रिकामे कंटेनर परत घेणाऱ्या, एम्प्टी यार्डवर पोहोचला आणि तिथून आमच्या चालक मामांचा फोन आला, "साहेब, नंबर चुकीचा आहे म्हणतात, आत घेत नाहीत."

कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो, जेणेकरून लिहिताना झालेली चूक पकडली जावी. रिकामा कंटेनर कोणत्या यार्डात द्यायचा याचे जे पत्र लाइन देते, त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि यार्डच्या संगणकाने ती अचूक पकडली. व्यवस्था उत्तम आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की तीच तपासणी पत्र काढतानाही सहज करता आली असती. दुरुस्त पत्र शनिवारी दुपारी मिळाले, तोवर यार्ड भरले होते. रविवारी स्वीकार बंद. सोमवारी दुसऱ्या यार्डचे नाव मिळाले, त्याचे पत्र मंगळवारी. बुधवारी तिथे तळाच्या फळ्यांवरील डागावरून वाद झाला आणि गुरुवारी, अकराव्या दिवशी, कंटेनर एकदाचा आत गेला. मामा दोन रात्री गव्हाण फाट्याजवळ गाडीतच झोपले. ट्रेलरच्या खोळंब्याचे पैसे मी वेगळे दिले आणि ते देण्यात मला काही गैर वाटले नाही, कारण त्यांचा आठवडाच वाया गेला होता.

माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत दुबळा दुवा हाच आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) हाताळले. आयातीचा भरलेला प्रत्येक कंटेनर नंतर कुठेतरी रिकामा होतोच, आणि त्याला जागा लागतेच. भरलेल्या कंटेनरसाठी क्रेन आहेत, ४८ तासांचे नियम आहेत, दादरीपर्यंतच्या १,५०६ किलोमीटरच्या समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्गावर एकावर एक कंटेनर रचण्याची सोय आखलेली आहे. रिकाम्या कंटेनरला मात्र एक पत्र आणि एक रांग. नागपूरचे माझे साडू रेल्वेने कंटेनर मागवतात; त्यांना तो माल उतरवून त्याच अंतर्देशीय डेपोत परत करता येतो. मी बंदरापासून जवळ राहून अधिक हेलपाटे घालतो, हे मला फार लागते. त्याहून लागते ते असे की माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून असलेला निर्यातदार त्याच आठवड्यात द्रोणागिरीहून रिकामा चाळीस फुटी कंटेनर मागवत होता. लाइन एकच असेल आणि कंटेनर सुस्थितीत असेल, तर लाइनच्या परवानगीने तो माझ्याकडून थेट त्याच्याकडे जाऊ शकतो. दोन ट्रेलरांच्या दोन रिकाम्या फेऱ्या वाचतील, डिझेल वाचेल, उरण रस्त्यावरची गर्दीही तेवढी कमी होईल. मी विचारले, तेव्हा मोठ्या ग्राहकांसाठी अशी सोय असल्याचे उत्तर मिळाले.

हा मजकूर अर्धा लिहून झाला असताना लाइनचे उत्तर आले. पत्रातील चूक त्यांची असल्याचे मान्य करून त्यांनी चारपैकी दोन दिवस वजा केले, म्हणजे जीएसटीसह ९,९१२ रुपये परत मिळतील. हे शक्य झाले ते यार्डच्या गेटवरील नकाराच्या पावतीमुळे आणि मामांनी वेळेसह काढलेल्या फोटोंमुळे. डागाबद्दलचे दोन दिवस माझ्याच खाती राहिले, कारण कंटेनर ताब्यात घेताना तळाचे फोटो मी काढले नव्हते. टर्मिनलच्या गेटवर मिळणारी कंटेनरच्या स्थितीची पावती, म्हणजे ईआयआर, मी तोवर न वाचताच फाइलला लावत असे. माल उतरवल्यावर आत झाडू मारणे, फळ्या पुसणे आणि दोन्ही दारे उघडी ठेवून आतून फोटो घेणे याला अर्धा तास पुरतो.

मोकळ्या दिवसांविषयी मला उशिरा कळलेली एक गोष्ट इथे नोंदवतो. ते दिवस इथे भांडून वाढत नाहीत. माल बुक होण्यापूर्वी विक्रेत्याला सांगून त्याच्याकडील लाइनच्या कार्यालयातून मागून घ्यावे लागतात आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीवर, लिहून घ्यावे लागतात. आमच्या विक्रेत्याने एका ईमेलवर चौदा दिवस मिळवून दिले आणि त्यासाठी एक पैसाही अधिक घेतला नाही. आठवा कंटेनर या शुक्रवारी न्हावाशेवाला लागत आहे. माथाडी टोळीला रविवार सकाळ सांगून ठेवली आहे, आणि पत्र हाती आले की त्यावरील क्रमांक मी स्वतः दारावरच्या क्रमांकाशी ताडून पाहणार आहे.